आमचा, आमचो आणि पूर्वजांचा घोळ

अभिजात दर्जा मिळाल्यापासून मराठीला पूर्वज शोधून देणाऱ्यांचे पीक आले आहे. 3 ऑक्टोबर 2024 च्या निर्णयानंतर व्याख्याने झाली, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि मोबाइलवर नव्या नव्या वंशावळी येऊन पडू लागल्या. कुणाची मराठी थेट संस्कृतची लेक, कुणाची महाराष्ट्री प्राकृताची, कुणाची तमिळची नात. पुरावा मात्र सगळ्यांचा एकच, शब्दांची यादी. माझा आक्षेप या यादीवरच आहे. शब्द कुणीही कुणाकडूनही उचलतो. 'टेबल' म्हणतो म्हणून आपण इंग्रजांच्या कुळातले ठरत नाही. नामामागे काय चिकटते आणि ते चिकटण्याआधी नाम कसे बदलते, ही चाल मात्र सहसा घराण्यातच राहते.

हे सर्वांत नीट उलगडून दाखवले ते एका फ्रेंच पंडिताने. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ 1920 मध्ये पॅरिसला निघाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 मध्ये तो मराठीत आणला. शाळेत 'स, ला, ते. स, ला, ना, ते' घोकलेल्या आपल्याला वाटते की प्रत्यय म्हणजेच विभक्ती. पण यातला 'ला' तुलनेने अलीकडचा, आणि तो आला कुठून यावर अजून वाद आहे. जुने हाड आहे ते त्याच्या आधी, सामान्यरूपात. 'देवांना' यातला अनुस्वार घ्या. संस्कृतात 'देवानाम्', प्राकृतात 'देवाणं', आणि मराठीत उरले 'देवां'. मुळात ही षष्ठी होती. तिचा अर्थ झिजला, रूप राहिले, आणि त्या रूपावर पुढे 'ना', 'नी', 'चा' असे नवे प्रत्यय बसले. 'देवास' मधला 'स'सुद्धा 'देवस्य', 'देवस्स' असा उतरत आला. एकवचनी 'देवा' हे रूप षष्ठीचे की चतुर्थीचे, यावर पंडित भांडतात, भांडोत बापडे. आपण नागपूरच्या इतवारीत 'भावाले सांग' म्हणतो तेव्हा त्या 'भावा'मध्ये एक मेलेली विभक्ती अजून काम करत असते.

म्हणूनच फ्रँकलिन साउथवर्थ यांचा 1971 चा सिद्धान्त मला अर्धाच पटतो. आर्य आणि द्राविड बोलणाऱ्यांच्या कामचलाऊ संकरभाषेतून मराठी घडली असावी, असे त्यांनी मांडले. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला भेद पाहिला की दक्षिणेचा हात दिसतो, हे खरे. पण कामचलाऊ भाषेत पहिला बळी जातो तो रूपांचा. मराठीने सामान्यरूपही राखले आणि तिन्ही लिंगेही.

दोन घराण्यांचा मिळून एक पूर्वज कल्पायचा मोह तिकडे युरोपातही होतो. पूर्वज घडवायला तिथे परंपरेचा आधार आहे: ऑगस्ट श्लायखर यांनी 1868 मध्ये मेंढी आणि घोड्यांची एक गोष्ट चक्क स्वतः पुनर्रचलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत लिहिली होती. पण त्या मूळ भाषेनंतरची, फक्त लॅटिन आणि जर्मानिक यांची एक आई कल्पून तिची नामे चालवायला बसा, चतुर्थीच्या अनेकवचनाशीच गाडी अडते. लॅटिन म्हणते '-बुस', आपल्या 'देवेभ्यः' मधल्या 'भ्यः'च्या नात्यातले. जर्मानिकातली गॉथिक मात्र 'म' लावते. एक सोडल्याशिवाय दुसरे धरता येत नाही. (जाता जाता: 'ऑम्निबुस' म्हणजे सर्वांसाठी. त्याचे शेपूट तुटून आपली 'बस' झाली. म्हणजे नागपूरकर रोज सीताबर्डीला उतरतो तो एका चतुर्थीच्या प्रत्ययातून.)

प्रत्यय घराबाहेर जात नाहीत हा माझा नियम मोडणारी भाषा दूर नाही. नागपुरात हलबा समाज म्हटला की मोर्चे आणि जातपडताळणी आठवते. हलबी बोली कुणाला आठवत नाही. तिचे मुख्य घर बस्तर, जे एकेकाळी नागपूरच्या भोसल्यांच्या वर्चस्वाखाली होते. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 साली, ती मराठीच्या दावणीला बांधली गेली, मिश्र बोली असा शेरा मारून. शेरा योग्यच होता. 'आमचो बस्तर' यातला 'चो' ऐकताच मराठी माणूस हरखतो. पण 'मला' म्हणायला हलबीत 'मोके', आणि तो 'के' पूर्वेकडच्या हिंदी बोलींचा. 'घर ले' म्हणजे घरून, छत्तीसगढीसारखे. आमच्या वऱ्हाडीत 'घराले' म्हणजे घराला. दोघे बोलू लागले तर एक घरी निघाला आणि दुसरा घरून, अशी गत.

'चो'चेही सरळ नाही. आपला 'चा' पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे 'ची', 'चे' होतो. हलबीचा 'चो' बदलत नाही, 'राजा चो बेटी' असेच चालते. लिंगभेद गाळण्याची ही रीत छत्तीसगढी-ओडियाची. प्रत्यय एका घरचा, वागणूक दुसऱ्या घरची! अशी भाषा हजार वर्षांनी फक्त कागदावर सापडली असती, तर तिला मराठीची बहीण म्हणणारे आणि छत्तीसगढीची म्हणणारे असे दोन पक्ष झाले असते. दोघांनी मिळून तिचा पूर्वजही कल्पला असता, जो कधी कुणाच्या तोंडी नव्हता.

दादोबा पांडुरंग यांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले. तेव्हापासून आपण संस्कृतच्या आठ विभक्तींच्या साच्यात मराठी ओततो आहोत. त्या साच्यात वऱ्हाडी 'मले' अशुद्ध ठरते आणि 'मोके' तर मोजलेच जात नाही. मराठीचे वय किती, हे अभिजात दर्जासाठी नेमलेल्या पठारे समितीने सांगून झाले. रिद्धपूरच्या विद्यापीठाने आता तेच वय पुन्हा मोजत बसू नये. गडचिरोलीच्या छत्तीसगड सीमेवर माणसे पाठवावीत आणि नोंदवावे: एकाच घरात 'मोके' कोण म्हणते, 'मले' कोण, आणि शाळेत गेलेले पोर दोन्ही सोडून 'मला' कधी म्हणू लागते.