उशीर का झाला, विचारलं का?

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात फाटकाशी एक वाक्य हमखास कानावर पडतं. पोराला वर्गापर्यंत सोडायला आलेली आई बाईंना सांगते, "बाई, नाही ऐकलं तर द्या दोन ठेवून. आमची काही तक्रार नाही!" बाई हसतात. पोरगं मात्र आईच्या पदराआडून बाईंच्या हाताकडे बघत असतं.

मैत्रिणींनो, अशी परवानगी द्यायचा हक्क आपल्याला उरलेलाच नाही, हे किती जणींना ठाऊक आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमात स्वच्छ म्हटलंय की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. केला तर शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई. म्हणजे हातावरची पट्टी तर गेलीच, पण कोंबडा करणं, अंगठे धरून उभं करणं, चारचौघांत "डोक्यात शेण भरलंय का" म्हणणं, हेही चालत नाही. आणि 'शाळेतून नाव काढून टाकीन' ही धमकी तर निव्वळ पोकळ. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला, तो पाचवी-आठवीत मागे ठेवण्यापुरता. काढून टाकायची मुभा तेव्हाही दिली नाही.

कायदा आला, छडी कपाटावर गेली. मग शिक्षा संपली? छे! तिनं नुसतं रूप बदललं.

दोन वर्षांपासून मी आमच्या गावातल्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात, असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात काय होतं? चहा येतो, वही फिरते, आपण सही करतो आणि घरी येऊन कणीक मळायला घेतो.

तर आमच्या शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं बारा नियम लिहिलेत. नखं वाढवू नयेत, बोलू नये, पळू नये, उशिरा येऊ नये... बाराही 'नये'! परिपाठाला जो नसेल, त्यानं परिपाठ संपेपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभं राहायचं आणि मग सगळ्यांसमोर कान धरून वर्गात जायचं. चौथीतली एक मुलगी आठवड्यातून एक-दोनदा तिथं दिसायची. दप्तर पाठीला, फ्रॉकचा पुढचा घेर ओला. ओला कसा, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही सकाळी नऊनंतर. तिची आई शेतात मजुरीला जाते, सातलाच घर सोडते. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. मग घागरी कोण भरणार? ही! नववं वर्ष लागलेली पोर घरचं पाणी भरून, भावाला अंगणवाडीत पोचवून पळत शाळेत येते, आणि आपण तिला शिस्त शिकवतो, कान धरून!

बैठकीत मी विषय काढला तेव्हा मुख्याध्यापक गुरुजी वैतागले. "ताई, शिस्त नको का मग? सगळीच उशिरा येतील." त्यांचंही खोटं नव्हतं. दोन वर्ग एकत्र बसवलेले, बाई एकट्या, वर माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा. बाई म्हणाल्या, "छडी काढून घेतली ते चांगलंच केलं हो. पण तिच्या जागी काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं?" मला हा प्रश्न फार खरा वाटला. शिक्षकांना नुसतं 'मारू नका' म्हणून भागत नाही.

पण आपल्या महाराष्ट्रात याची वाट कुणी दाखवलीच नाही, असंही नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, ते मुलाला भीती न दाखवता शिकवता येतं या भरवशावर. त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू भागात आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखायला जावं लागतं म्हणून मुलं शाळेत येत नव्हती. त्यांनी मुलांना शिक्षा केली नाही, शाळाच कुरणात नेली! कुरणशाळा म्हणतात ती हीच. मुलाच्या घरी काय चाललंय ते आधी बघायचं, नियम मग.

आम्ही कुरणात नाही गेलो. उशिराची वही होती, तिच्यात फक्त एक रकाना वाढवला, 'कारण'. मुलानं येऊन कारण सांगायचं, बाईंनी लिहायचं आणि मुलानं सरळ वर्गात बसायचं. महिनाभरानं वही उघडली, तर उशिराची गर्दी नेमकी पाण्याच्या दिवशी! त्या दिवशी आता परिपाठ शेवटच्या तासाला होतो.

सगळ्यांचीच कारणं अशी नव्हती, हेही सांगायला हवं. एक पठ्ठ्या रात्री बारापर्यंत मोबाइल बघतो म्हणून उशिरा उठायचा. त्याचं काय करायचं, असं बाईंनी वर्गालाच विचारलं. आणि गंमत बघा, पोरांनी सुचवलं, "कोंबडा करा! मैदानाला दहा फेऱ्या!" बाईंपेक्षा पोरं कडक! कुठून शिकली असतील? आपलेच हात आणि आपल्याच तोंडचे शब्द, दुसरं काय. शेवटी ठरलं की बुडालेला धडा त्यानं मधल्या सुट्टीत मित्राकडून समजून घ्यायचा. खेळ बुडायला लागला तसा तो वेळेवर येऊ लागला. त्याच्या आईला बोलावून मोबाइलचं सांगितलं, ते वेगळंच.

ती मुलगी अजूनही पाणी भरतेच. नळाची वेळ बदला, असा अर्ज आम्ही सात-आठ बायकांनी नगरपालिकेत दिलाय. उत्तर यायचंय.

पुढच्या बैठकीत गणवेशाचा विषय आहे. पावसाळ्यात काही मुलं 'गणवेश नाही' म्हणून मागच्या भिंतीशी उभी असतात. बाईंनी त्या वहीतही 'कारण' असा रकाना आखून ठेवलाय.