हाताखालच्या देहाची ओळख

केस कापून झाले की एका हाताने हनुवटी व दुसऱ्या हाताने मस्तक धरून गिऱ्हाईकाची मान कडकन मोडून देण्याची पद्धत आपल्याकडील कित्येक सलूनांत आहे. एवढी सेवा फुकटात मिळाली म्हणून गिऱ्हाईकही खूश असते. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात आणि अशा हिसक्याने क्वचित त्यांचे आतील अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो, हे दोघांच्याही गावी नसते. गिऱ्हाईकाचे अज्ञान क्षम्य मानता येईल. ज्याचा हात, त्याचे नव्हे.

उपचार करणे हे न्हाव्याचे मुख्य काम तरी नव्हे. पण मालिश, अॅक्युप्रेशर, रिफ्लेक्सॉलॉजी किंवा हाडे बसविणे हाच ज्यांचा चरितार्थ आहे, त्यांच्यापैकी किती जण शरीररचना व शरीरक्रिया रीतसर शिकलेले असतात? आयुर्वेदाच्या किंवा निसर्गोपचाराच्या पदवीधराला हे विषय शिकावेच लागतात. पदवीच्या कक्षेबाहेर मात्र चार दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगले की काम भागते.

बाजार हा दोष आपोआप दूर करील, ही आशा फोल आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, मालाची प्रत विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो. त्यावरील उपायांमध्ये त्यांनी डॉक्टर व वकील यांच्या परवान्यांचा उल्लेख केला आहे. गंमत म्हणजे न्हाव्यांच्याही. उपचारांच्या बाजारात तर अनुभवानेही ग्राहक शहाणा होत नाही. पाठदुखी पुष्कळदा आपली आपणच बरी होते आणि तिचे श्रेय शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याच्या पदरात पडते.

मग पात्रता कोणत्या विषयाची असावी? अॅक्युपंक्चरच्या तत्त्वज्ञानात तथ्य किती, हा वाद शासनाने सोडविण्याची गरज नाही. तत्त्वज्ञान कोणतेही असो, सुई शिरते ती याच देहात. फुफ्फुसाचे टोक गळ्याखालच्या आडव्या हाडाच्याही वर पोहोचलेले असते; खांद्यावर सुई खोल गेली तर ते भेदले जाऊ शकते. काही माणसांच्या छातीच्या मधल्या हाडाला जन्मतः छिद्र असते. त्यातून सुई हृदयापर्यंत जाऊन नॉर्वेत एक रुग्ण दगावल्याची नोंद १९९५ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली. मालिशवाल्याच्या हाती तर सुईही नसते. पण एकच पोटरी सुजलेली, गरम व दुखरी असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकली तर प्राणावर बेतते. अशा वेळी हात न लावता रुग्णाला इस्पितळात धाडणे, हेच त्याचे खरे कौशल्य. शरीरशास्त्राचा उपयोग बरे करण्यापेक्षा थांबण्यासाठीच अधिक होतो.

आक्षेपही बिनतोड वाटावा असा आहे. परवाना म्हणजे आत असलेल्यांनी बाहेरच्यांसाठी बंद केलेला दरवाजा, अशी टीका मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालीच केली होती. अक्षरओळखही बेताची असलेला, बापजाद्यांची विद्या चालविणारा खेड्यातला हाडवैद्य त्या दरवाजाबाहेरच राहणार. या भीतीला जपानचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. तेथे मालिश व सुईचा उपचार हा अंधांचा परंपरागत व्यवसाय. महायुद्धानंतर दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने त्याला आळा घालण्याचे मनावर घेतले, तेव्हा अंध व्यावसायिकांनीच निकराचा विरोध केला. अखेर १९४७ च्या कायद्याने व्यवसाय टिकला. मात्र तो शिक्षणाच्या व परवान्याच्या अटीवर. अंधशाळांतील विद्यार्थी हाडे आणि प्रतिकृती हातांनी चाचपून शरीररचना शिकू लागले. ज्यांना पुस्तकातली आकृती दिसत नाही त्यांना जे साधले, ते डोळस हाडवैद्याला का साधू नये? शिवाय परंपरेच्या नावाने सूट मागणे आपल्याला शोभणारे नाही. मृतदेह सात रात्री पाण्यात ठेवून, मग थराथराने घासून आतील अवयव प्रत्यक्ष पाहावेत, असे सुश्रुतसंहितेतच सांगितले आहे.

महाराष्ट्राने अॅक्युपंक्चरपुरता २०१५ चा अधिनियम करून परिषद व नोंदणी यांची तरतूद केली. मालिश करणारे व हाडे बसविणारे यांच्यासाठी तितका मोठा पसारा नको. विद्यापीठाने मान्य केलेला, मराठीतून शिकविला जाणारा एक लहान अभ्यासक्रम, संध्याकाळचे वर्ग, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि जुन्या व्यावसायिकांना चारपाच वर्षांची मुदत, एवढ्याने आरंभ करता येईल. उत्तीर्ण न होणाऱ्याचा धंदा पहिल्याच दिवशी बंद करण्याचे कारण नाही. पण शरीरशास्त्राची परीक्षा दिली आहे की नाही, हे त्याने पाटीवर ठळक अक्षरांत लिहिणे सक्तीचे असावे.