ब्रह्मजाल सुत्तातील विटीदांडू

गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या तयारीची बैठक विहारात चालू होती. वंदना, खीरदान, व्याख्यान असे नेहमीचे कार्यक्रम ठरले. मुलांसाठी विटीदांडू, लंगडी व कबड्डीच्या स्पर्धा ठेवाव्यात अशी सूचना मी मांडली. तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सेवानिवृत्त गुरुजी म्हणाले, "बाबा रे, दीघनिकाय वाच. तथागतांनी खेळ वर्ज्य सांगितलेत. विहाराच्या दारात आपणच ते कसे भरवायचे?" यावर कोणी काही बोलले नाही आणि सूचना मागे पडली. मी पडलो बँकेतला कारकून. बी.ए.ला इतिहास होता एवढेच. पण गुरुजींचा शब्द मनात राहिला म्हणून दीघनिकाय उघडला. त्यात जे सापडले ते धम्मबांधवांपुढे ठेवतो.

गुरुजींचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. दीघनिकायातील पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. त्याच्या शीलविभागात असे सांगितले आहे की, श्रद्धावंतांनी दिलेले अन्न खाऊन काही श्रमण-ब्राह्मण अमुक अमुक खेळांत वेळ घालवतात. श्रमण गौतम त्यापासून अलिप्त आहे. आणि मग त्या खेळांची नावेच दिली आहेत, एक-दोन नव्हे, चांगली दीड डझन. त्रिपिटक इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत लेखनबद्ध झाले, त्याआधी ते भिक्खूंच्या मुखी होते. म्हणजे ही यादी दोन हजार वर्षांहून जुनी. जगात खेळांच्या इतक्या जुन्या याद्या फार थोड्या असतील. भिक्खूंनी काय करू नये हे सांगताना त्या काळची मुले-माणसे काय खेळत होती, याची नोंद आपोआप होऊन गेली.

यादीत 'घटिक' असा एक शब्द आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी या सुत्तावर अट्ठकथा लिहिली. तिच्यात घटिकचा अर्थ दिला आहे तो असा की, लांब दांडक्याने आखूड दांडके मारण्याचा खेळ. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठच्या आमच्या वस्तीत शाळा सुटली की आम्ही दुसरे करत तरी काय होतो? जमिनीत लांबट खळगी उकरायची, वीतभर विटी तिच्यावर आडवी ठेवायची आणि हातभर दांडूने कोलायची.

'परिहारपथ' म्हणजे जमिनीवर रेघा आखून, त्या चुकवीत चालण्याचा खेळ. आपल्या मुली अंगणात घरे आखून एका पायाने ठिकरी सरकवतात, त्याचे हे नाते दिसते. 'मोक्खचिक' म्हणजे कोलांट्या. 'चिंगुलिक' म्हणजे ताडपत्राचे भिरभिरे. 'वंकक' खेळण्यातला नांगर, 'रथक' खेळण्यातली गाडी, 'धनुक' लहानसे धनुष्य. पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखायला लावायचे, तो 'अक्खरिक'. 'अट्ठपद' म्हणजे आठ-आठ घरांचा पट. पुढे याच पटावर चतुरंग, म्हणजे बुद्धिबळ, मांडले गेले असे मानतात. हाच पट समोर न ठेवता मनातल्या मनात खेळत, त्याला 'आकास' म्हणत. शेवटचा खेळ मात्र दुसऱ्याच्या व्यंगाची नक्कल करण्याचा. तो बंद झाला असता तर बरे झाले असते, पण तोही अजून शाळाशाळांतून चालू आहे.

विटीदांडूचे आणखी एक सांगण्यासारखे आहे. टोला गेला की खळगीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात ते एक, दोन, तीन असे नव्हे, तर वकट, लेंड, मूंड, नाल असे; आणि ज्या शब्दावर माप संपेल त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा हे ठरते. लहानपणी आम्हाला हे निरर्थक शब्द वाटत. पुढे नोकरीत एक तेलुगू भाषिक सहकारी भेटले, त्यांनी ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु असे मोजून दाखवले तेव्हा उलगडा झाला. आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे मला प्रथम वाटले की हे तिकडून आले. पण पुण्या-साताऱ्याकडची मुलेही वकट-लेंडच म्हणतात. म्हणजे ही देवघेव संस्थानापेक्षा जुनी असली पाहिजे.

कबड्डी ही अभिमन्यूच्या चक्रव्यूहातून निघाली असे भाषणांतून ऐकतो. आपल्याकडे कोणी सिद्धार्थ कबड्डी खेळत असे म्हणतात. दोन्ही गोष्टी ऐकायला गोड आहेत, पण लिखित आधार विटीदांडूला आहे तसा त्यांना दाखवला जात नाही. आजची कबड्डी आपल्याच लोकांनी हुतूतूला नियम लावून घडवली. 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने स्पर्धा भरवल्या, 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी ती जगाला दाखवली आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिला पदक मिळू लागले. खो-खोचा तर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत विश्वचषक झाला. तो पुरुष व महिला दोन्ही गटांत भारताने जिंकला.

आता गुरुजींच्या आक्षेपाकडे येतो. ब्रह्मजाल सुत्तातील यादी दानावर जगणाऱ्या प्रव्रजितांसाठी आहे, गृहस्थांच्या लेकरांसाठी नव्हे. प.पू. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात यशोधरेच्या विवाहप्रसंगी सिद्धार्थ नेमबाजीच्या स्पर्धेत उतरतो व सर्वांत श्रेष्ठ ठरतो, हे आपण सर्वांनी वाचले आहे. गृहस्थाला तथागतांनी सावध केले ते जुगारापासून. राजगृहात सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला त्यांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले. जिंकणाऱ्याला वैरी मिळतो, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, असलेले धन जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही.

हे सहाही तोटे मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहेत. एक शेतकरी पासबुक घेऊन आले. सोयाबीनचे पैसे बँकेने कापले अशी त्यांची तक्रार होती. नोंदी काढल्या तर पाचशे, हजार, पुन्हा पाचशे, एकाच रात्रीत अकरा वेळा. मोबाइलवरची रमी. शेजारी मुलगा खाली मान घालून उभा होता. बापाने विचारले, "साहेब, हा खेळ कोणता?" मला उत्तर देता आले नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण त्या घरचे पैसे त्याआधीच गेले होते.

पुढच्या बैठकीला मी दोन्ही सुत्ते घेऊन गेलो. गुरुजींनी चष्मा लावून घटिकचा अर्थ दोनदा वाचला. मग म्हणाले, "मैदान विहारामागचे घ्या, पुढे वंदनेला येणाऱ्या बायका-लेकरांना विटी लागेल. आणि विटी बाभळीची करा, लिंबाची लगेच फुटते."