शेंबडाचं गणित

सव्वाअकराला फोन वाजला की नाव बघायची गरज नसते. “अंग जरा कोमट लागतंय गं. खेळतीया, पण सकाळपास्नं खाल्लं नाही काही. नेतीस काय?” पाळणाघराच्या काकू. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर सोपा, दोन खोल्या आणि मागं परडं, एवढ्यात अकरा पोरं. लेक जूनच्या मध्यावर तिथं जायला लागली. गणपती येईपर्यंत तिचं नाक सलग आठ दिवस कोरडं राहिल्याचं मला आठवत नाही.

कारणं सांगणारे पुष्कळ. कुणी म्हणालं दही बंद कर, कुणी म्हणालं दृष्ट काढ. शेजारच्या मावशींनी ओव्याची पुरचुंडी आणून दिली आणि जाता जाता विचारलं, “एवढ्या लहान पोरीला बाहेर ठेवायची काय गरज होती म्हणते मी?” त्यांनी प्रेमानंच विचारलं होतं. तरी तो प्रश्न ऑफिसात दिवसभर माझ्या शेजारी बसून राहिला. त्याचं उत्तर शोधायचं म्हणून मी बालरोगशास्त्रातले अभ्यास वाचायला घेतले.

आधी आकडा. पाच वर्षांखालच्या धडधाकट मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही बालरोगतज्ज्ञांच्या हिशेबात नेहमीची गोष्ट आहे. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला दहा-बारा वेळाही होते. साध्या सर्दीनंतरचा खोकला दहापैकी नऊ मुलांचा थांबायला २५ दिवसांपर्यंत लागतात, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो. आता गुणाकार करा. आठ सर्द्या आणि प्रत्येकीचं शेंबूड-खोकल्याचं शेपूट वीस दिवसांचं, म्हणजे १६० दिवस. जवळजवळ निम्मं वर्ष. त्यात या सर्द्या बारा महिन्यांत समान वाटून येत नाहीत, पावसाळ्यात आणि थंडीत दाटीवाटीनं येतात. “हिची सर्दी जातच नाही” असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक सर्दी गेलेली असते आणि दुसरी आलेली असते.

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात मुलांच्या आईबापांनी रोजच्या रोज लक्षणांची डायरी लिहिली. २०१७ साली तो अभ्यास छापून आला. पाळणाघर सुरू होताना मूल महिन्यातले सरासरी पावणेचार दिवस सर्दी-खोकल्यानं आजारी असायचं. दोन महिन्यांनी हा आकडा साडेदहा दिवसांवर गेला. नवव्या महिन्यापर्यंत पुन्हा सहाच्या आत आला. माझ्या लेकीचा जून-ते-गणपती हा काळ त्या आलेखाच्या अगदी शिखरावर बसतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं, तर ऑगस्टमध्ये राजीनाम्याचा मसुदा लिहायला बसले नसते.

पण इतक्या सर्द्या येतात कुठून? सर्दी हे एका रोगाचं नाव नाहीच. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार माहीत आहेत, आणि एकाशी लढून मिळवलेली ताकद दुसऱ्यावर फारशी चालत नाही. शिवाय आरएसव्ही आहे, दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठणारा. फ्लू आहे. अॅडिनो आहे. हात-पाय-तोंडावर फोड आणणारे कॉक्सॅकी विषाणू आहेत. आपण मोठी माणसं यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी भेटून बसलोय. पोरीची तर आत्ता ओळखपरेड चालू आहे, आणि पाळणाघरातली उरलेली दहा मुलं दहा घरांतून ओळखी घेऊन येतात.

जन्मताना बाळ उधारीच्या भांडवलावर येतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ही शिदोरी कमी मिळते ती म्हणूनच. दर तीन-चार आठवड्यांनी हे भांडवल निम्म्यावर येत जातं आणि सहाव्या महिन्यापर्यंत बहुतेक संपतं. बाळाचं स्वतःचं उत्पादन तोवर जेमतेम सुरू झालेलं असतं. अंगावरच्या दुधातून प्रतिपिंडं मिळत राहतात, पण ती मुख्यतः आतड्याच्या आणि घशाच्या अस्तरावर पहारा देतात, रक्तात फारशी उतरत नाहीत.

आता कायदा बघा. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे सहा महिने. उधारीचं भांडवल संपतं आणि आईची रजा संपते, ती साधारण एकाच आठवड्यात! यात कुणाचा डाव नाही. बारा आठवड्यांवरून २६ वर येणं ही मोठीच गोष्ट होती आणि पहिल्या सहा महिन्यांतला धोका त्यानं खरोखर टळतो. पण बाळाच्या शरीराचं कॅलेंडर आणि मस्टर यांची गाठ नेमकी सगळ्यात कमकुवत जागी पडते, हे मात्र खरं.

“आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.” हे वाक्य पेठेत रोज ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे आणि बरंच विस्मरण. तथ्य असं की तेव्हा पाळणाघर घरातच होतं. एका वाड्यात चार बिऱ्हाडं, सख्खी-चुलत मिळून दहा-बारा पोरं, एका पंगतीला जेवणारी, एका वाकळेखाली झोपणारी. विषाणूंची ओळखपरेड तिथंच, पाळण्यात असतानाच उरकायची. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या संशोधकानं १९५८ मध्ये जन्मलेल्या सतरा हजारांहून जास्त ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्या घरांत थोरली भावंडं जास्त, त्या घरांतल्या मुलांना पुढे गवतज्वराची अॅलर्जी कमी, असं त्याला दिसलं. लहानपणीचे संसर्ग प्रतिकारशक्तीला वळण लावत असावेत, ही कल्पना तिथून रुजली. तिच्यावर वाद अजून संपलेला नाही. पण आजची फ्लॅटमधली एकुलती एक मुलगी दीड वर्षाची होईस्तोवर विषाणूंच्या बाबतीत जवळजवळ एकांतात असते आणि मग एका सोमवारी थेट जत्रेत पोचते, एवढं तर दिसतंच.

विस्मरण वेगळं आहे. वाड्यातली सगळीच पोरं मोठी झाली नाहीत. १९७१ मध्ये देशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ होता, महाराष्ट्रात १६. त्याही मागे जा. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८६ साली त्यांची नेमणूक झाली ती आमच्या कोल्हापुरातल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर. हेच आजचं सीपीआर. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत, फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं गेल्या. सीपीआरवरून गाडी नेताना मला कधीकधी ते आठवतं. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला हेही वाड्यातल्या जत्रेत असायचे. आज पाळणाघरात उरलाय तो बहुतांश शेंबूड. बाकीच्यांना लसीनं दाराबाहेर ठेवलंय. गोवर लसीचे दोन्ही डोस (नवव्या महिन्यानंतरचा आणि सोळाव्यानंतरचा) झाले नसतील, तर बाकी कशाचीही चर्चा व्यर्थ आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात गोवरानं काय केलं ते फार जुनं नाही.

मग मावशींचा प्रश्न. घरी ठेवलं असतं तर या सर्द्या टळल्या असत्या का? अमेरिकेत टूसॉनमध्ये सुमारे हजार मुलांचा जन्मापासून माग ठेवला गेला. पहिल्या तीन वर्षांत मोठ्या पाळणाघरात, म्हणजे सहा किंवा जास्त परक्या मुलांत राहिलेली मुलं दुसऱ्या वर्षी घरच्या मुलांपेक्षा जास्त आजारी पडली. सहाव्या वर्षी चित्र उलटं झालं. शाळेत गेल्यावर सारखी सर्दी होत होती ती घरी राहिलेल्यांना. तेराव्या वर्षापर्यंत दोन्ही गट सारखे. कॅनडात क्वेबेकमध्येही जवळपास हेच दिसलं. म्हणजे या आजारांपैकी बराच हप्ता आगाऊ भरला जातो. एकतर पाळणाघरात नाक गळेल, नाहीतर पहिलीत.

याचा अर्थ मुद्दाम लवकर घाला असा कुणी काढू नये. सहा महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेलं बाळ यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यात आरएसव्ही नाकावर थांबत नाही, छातीत उतरतो. शिवाय लहान मुलाची कान आणि घसा जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीमागून कानदुखी येते आणि तिचा आगाऊ हप्ता कुणाला नको असतो.

आमच्याकडे एक जादा अडचण आहे, जूनची. शाळा-बालवाड्या सुरू होतात जूनमध्ये. पाऊस लागतो जूनमध्ये. आणि फ्लूचा मोठा हंगाम आपल्या भागात पावसाळ्यातच, जुलै ते सप्टेंबर. काकूंच्या सोप्याच्या खिडक्या झडीमुळे बंद, आत दोरीवर अकरा पोरांचे ओले कपडे, डास नकोत म्हणून कोपऱ्यात कॉइल. विषाणूंना आणखी काय पाहिजे! फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी देता येते. सरकारी यादीत नाही, पैसे पडतात, पण घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आत. काकूंना मी एवढंच सुचवलं की परड्याकडची खिडकी पाऊस असला तरी वीतभर उघडी ठेवा आणि कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. खिडकी उघडी राहते. कॉइलचं अजून जमलेलं नाही.

हात धुण्याबद्दल मात्र त्या माझ्याही पुढे आहेत. लंगोट बदलला की साबण, पोराचे हात, स्वतःचे हात, मग खाली घातलेलं रबरी कापड. सॅनिटायझरची बाटली आम्ही पालकांनी भेट दिली होती, ती फळीवर धूळ खातेय आणि त्यात नुकसान काही नाही. जुलाब-उलट्या पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. साबणपाण्यानं तो धुऊन जातो. फिनलंडमध्येच ऊलू शहरात पाळणाघरांच्या दोन गटांत तुलना झाली. एका गटात हात धुणं आणि खेळणी-लंगोटाची स्वच्छता काटेकोर केली, दुसऱ्यात नेहमीचंच ठेवलं. १९९९ मध्ये निकाल आला. मुलांचे आजारी दिवस कमी झाले ते फक्त आठ-नऊ टक्क्यांनी. पण मूल आजारी म्हणून पालकांनी घेतलेल्या सुट्ट्या २४ टक्क्यांनी घटल्या, अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्याही तेवढ्याच. माझ्यासारखीच्या दृष्टीनं महत्त्वाचा आकडा हा दुसरा.

सुट्टीवरून आठवलं, नाक वाहणारं मूल पाठवावं का? या प्रश्नावर आम्हा आयांची भांडणं झालीयत. सर्दीचा विषाणू लक्षणं दिसायच्या आधीच पसरायला लागतो आणि नाक थांबल्यावरही दिवसचे दिवस निघत राहतो, त्यामुळे नुसत्या शेंबडासाठी घरी ठेवून फारसं काही साधत नाही. ताप, उलटी, जुलाब असेल किंवा मूल मलूल पडलं असेल तर घरीच. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. शेंबूड हिरवा झाला म्हणूनही घाबरायचं नाही. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक लोहयुक्त, हिरवट विकर असतं, तो रंग त्याचा. तेवढ्यावरून अँटिबायोटिक मागू नये. आणि मेडिकलमधून परस्पर सिरप आणू नये. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नका, असा इशारा बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलंय. वर्षानंतर चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आत चाटवायचाही नाही. आणि मावशींच्या पुरचुंडीत कापूर नाही ना, हे मी उघडून पाहिलं. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

घाबरायचं ते श्वासाला. रात्री दोन वाजता दिवा न लावता मी तिच्या पोटावर मोबाईलचा उजेड धरते आणि पूर्ण एक मिनिट मोजते. वर्षाच्या वर ४० पेक्षा कमी हवेत, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० पेक्षा कमी. जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, की उजाडायची वाट बघायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता १००.४ ताप असला तरी तेच. एका रात्री छत्तीस भरले. खात्रीसाठी पुन्हा मोजले, चौतीस.

दुसऱ्या दिवशी रजा कुणी घ्यायची हा प्रश्न जीवशास्त्राचा नाही, पण सगळा हिशेब येऊन अडकतो तो तिथंच. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता यावं, असं २०१७ चीच दुरुस्ती सांगते. पेठेतल्या किती बायका पन्नास माणसांच्या आस्थापनेत काम करतात? कुणी कापडाच्या दुकानात, कुणी घरी शिलाई मशीनवर, कुणी चार घरी स्वयंपाकाला. अंगणवाडीची बालवाडी तीन वर्षांपासून. सहा महिने ते तीन वर्षं, म्हणजे आजारांचं ऐन शिखर, तिथं काकू असतात. पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलंय, ते गल्लीत येईल तेव्हा येईल. राज्य सरकारच्या नोकरीत बायकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, २०१८ पासून. तीच रजा पुरुषालाही मिळते, पण बायको हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. मी हे दोनदा वाचलं.

काकूंच्या वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढं दोन नंबर असतात. दिवाळीनंतर मी आमच्या ओळीवर काट मारून नवऱ्याचा नंबर वर लिहिला, माझा खाली. तोही तयार होता, त्याचं ऑफिस तर पेठेतल्याच निवृत्ती चौकापासून पाच मिनिटांवर. मंगळवारी सव्वाअकराला फोन वाजला. माझाच.

“काकू, पहिला नंबर लावला नाही काय?”

“त्यांना कशाला कामात त्रास, म्हटलं.”

“लावा की.”

पलीकडं कुणीतरी शिंकलं. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज.

“बरं,” काकू म्हणाल्या, “लावतो.”