जुना ईसीजी बरोबर आणायला सांगा

भारतातून आईवडील येतात तेव्हा त्यांच्या सामानात मेतकूट, लोणचे आणि औषधांची पिशवी असते. जुना ईसीजी मात्र घरच्या कपाटातच राहतो. या खेपेला तो आठवणीने आणायला सांगा, असा आमचा आग्रह आहे.

ईसीजीचे माहेर आपल्या शेजारीच आहे. लायडनचे प्राध्यापक विलेम आइन्टहोवेन यांना याच कामासाठी १९२४ साली नोबेल मिळाले. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे! १९०५ मध्ये तर त्यांनी दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातील रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत घेतला. लायडनच्या बूरहाव्हे संग्रहालयात त्यांचे यंत्र आहे. मुलांना जरूर दाखवा.

आलेखातील पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही त्यांचीच. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका आहे. तिथून विजेची लहर निघते. ती वरच्या कप्प्यांत पसरते तेव्हा पी हा लहान उंचवटा उमटतो. खालच्या मोठ्या कप्प्यांत उतरली की क्यू-आर-एस हे टोकदार शिखर दिसते. ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होतात तो टी.

कागदावर सहसा '२५ मिमी/सेकंद' असे छापलेले असते. त्या वेगाला पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. ठोके नियमित असतील तर दोन शिखरांमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. चार चौकोन असले तर मिनिटाला ७५ ठोके.

यापुढचे वाचन डॉक्टरांवर सोडावे. पण त्यांनाही एक अडचण असते. एखाद्याच्या आलेखात वर्षानुवर्षे काही वेगळेपण असते आणि त्याला त्रास काहीच नसतो. तेच वेगळेपण आज नव्याने आले असेल तर प्रकरण गंभीर असू शकते. जुना कागद शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो. इथला हाउसआर्ट्स तो कागद मुंबईहून मागवणार कसा?

बहुतेक ईसीजी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि ते पुसट होत जातात. म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. तीवर तारीख घाला आणि त्या वेळी छातीत दुखत होते की नाही, तेही लिहा.

नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. तो चांगला आला तरी हृदयविकाराचा झटका नाहीच, असे म्हणता येत नाही. छातीत दाब, घाम, धाप असे काही जाणवले तर कागद शोधत बसू नका; ताबडतोब ११२ फिरवा.