निवासी डॉक्टरांची तीन वर्षे

मुलगा एम.बी.बी.एस. झाला की घरी पेढे वाटले जातात आणि शेजारीपाजारी त्याला डॉक्टर म्हणू लागतात. ते रास्तच आहे. साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता पुरी झाल्यावाचून ती पदवी मिळत नाही. तथापि हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांच्या विकारांवर शस्त्रक्रियेवाचून उपचार करणारी जी मेडिसिन ही शाखा, तीत तज्ज्ञ व्हावयाचे, तर आणखी तीन वर्षे रुग्णालयात काढावी लागतात. पूर्वी असे तरुण रुग्णालयातच राहात, म्हणून त्यांना निवासी डॉक्टर हे नाव पडले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. वैद्यक ग्रंथापेक्षा रोग्याच्या खाटेजवळ शिकावे, हा पाठ विल्यम ऑस्लर यांनी तेथे घालून दिला.

हुबळीस १९५७ साली मेडिकल कॉलेज निघाले. लोक त्यास ‘किम्स’ म्हणून ओळखतात. धारवाड, गदग, हावेरीकडील खेड्यांतून येथे रोगी येतात. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने होत असल्यामुळे परप्रांतीय तरुणही येथे येऊ शकतो. त्याला प्रथम ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोटदुखी, हे शिकावे लागते. रोग्याची हकीकत नीट ऐकता आली नाही, तर निदानाचा पायाच कच्चा राहतो.

पहिल्या वर्षी हकीकत लिहिणे, रक्त काढणे, राउंडला वरिष्ठांपुढे रोगी मांडणे ही कामे असतात. दुसऱ्या वर्षी अतिदक्षता विभागाचा भार वाढतो. तिसऱ्या वर्षी त्यानेच नवख्यांना शिकवावयाचे असते. शिवाय प्रबंध लिहावा लागतो आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते.

खाटेजवळ राहण्याची गरज काय, हे एका उदाहरणावरून कळेल. पिकावर फवारण्याचे कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी येतो. बाहुल्या आकसलेल्या, छाती घरघरणारी. त्याला ॲट्रोपीन द्यावयाचे. पण ते कमी पडले तर फुप्फुसे पाण्याने भरतात आणि अधिक झाले तर रोगी भ्रमिष्टासारखा बडबडतो. म्हणून वारंवार नाडी, बाहुल्या, छाती तपासावी लागते. रोगी सुधारला असे वाटत असतानाच, एक ते चार दिवसांत, त्याच्या मानेचे स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो. यास्तव “मान उचलून दाखवा” असे त्याला पुनःपुन्हा सांगावे लागते. हे दक्षतेचे वळण पुस्तक वाचून लागत नाही.

परंतु जागणारा डॉक्टरही माणूसच आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची तरुणी दगावली. तेव्हा निवासी डॉक्टरांचे अतिश्रम आणि वरिष्ठांची अपुरी देखरेख यांवर कडक टीका झाली. १९८९ साली त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. भारतात केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निवासी योजनेत सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे, असे म्हटले आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. 

पाळी लहान केली तर रोगी एका हातून दुसऱ्या हाती अधिक वेळा जातो, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय आहे. पाळी बदलताना प्रत्येक खाटेपाशी उभे राहून, कोणाची मान केव्हा तपासावयाची हे सांगून, मगच रोगी सोपवावा. आणि रात्री वरिष्ठ हाकेच्या अंतरावर असावा. विद्या कष्टानेच येते, हे खरे. मात्र ती ज्याच्यासाठी मिळवावयाची, त्या रोग्याला शिकाऊ डॉक्टरच्या झोपेची किंमत मोजावी लागू नये.