ठणका थांबला म्हणजे विंचू उतरला?

जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात रात्री घरात झोपवत नाही. अंगणात, ओट्यावर, धाब्यावर अंथरुणं पडतात. सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्या, दगडी बांध, मातीच्या भिंतीतल्या फटी या विंचवाच्या ठरलेल्या जागा. दंश झाला, की सगळ्यांचं लक्ष ठणक्याकडे असतं. तो कमी झाला, की विंचू उतरला असं समजून घरचे निर्धास्त होतात. लाल विंचवाच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनातून पुढे आलेली ही गोष्ट खेड्यापाड्यांत अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे खानदेशासाठी अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचे. नागपूरला एमबीबीएस झाल्यावर 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे चांगली धडधाकट माणसं आणि मुलं विंचूदंशानंतर काही तासांत दगावत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणं मांडली.

हे विष काम करतं ते नसांवर. नसेतून संदेश जाताना सोडियमचे बारीक दरवाजे क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विषामुळे ते नीट मिटत नाहीत. मग एकच संदेश पुन:पुन्हा जात राहतो. वेदनेच्या नसेत हे घडलं की ठणका लागतो. पण हृदय आणि रक्तवाहिन्या चालवणाऱ्या नसांमध्येही तेच घडलं, तर शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं.

बावस्करांच्या निरीक्षणातला सर्वांत उपयोगी भाग इथे आहे. असह्य ठणका आहे, पण अंग कोरडं आणि हातपाय गरम आहेत, असा रुग्ण सहसा वाचतो. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, थंडगार हातपाय असा रुग्ण मात्र अनेकदा ठणक्याची फारशी तक्रारही करत नाही. तो बरा होऊ लागला, की दंशाच्या जागी पुन्हा दुखू लागतं. म्हणजे ठणका परत येणं हे इथे चांगलं लक्षण!

त्यामुळे मांत्रिकाचं नाव का होतं, तेही उमगतं. मंत्राने 'उतरलेले' बहुतेक विंचू आपले आपणच उतरणारे असतात.

उपाय सापडला तो रक्तदाबाच्या एका स्वस्त गोळीत. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे हृदयावरचा भार हलका होतो. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 1986 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्याआधी गंभीर दंशाचे 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 2011 मध्ये दोघांनी महाडमध्येच 70 रुग्णांची चाचणी केली. प्राझोसिनसोबत विंचूविषावरची लसही दिलेले 91 टक्के रुग्ण दहा तासांत सावरले. नुसत्या प्राझोसिनवर हे प्रमाण 23 टक्के होतं. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. सोडियमचे हेच दरवाजे आता वेदनाशामकांचंही लक्ष्य आहेत. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सुझेट्रिजिन वेदनेच्या नसांमधला असाच एक दरवाजा बंद करतं.

दंशानंतर जागा चिरू नये, घट्ट बांधू नये. बर्फाने ठणका कमी होतो. दवाखान्यात जागा बधिर करण्याचं इंजेक्शनही देतात. घाम, उलटी किंवा थंड हातपाय दिसले, तर ठणका असो वा नसो, जवळचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर थेट जळगाव-धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नये. प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देऊ नये. पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यावर रक्तदाब एकदम घसरू शकतो, म्हणून दवाखान्यातही रुग्णाला आडवंच ठेवतात.